वचनं पाठ आहेत, पण जगण्यात उतरत नाहीत

पत्र आलंय ते थोडं लहान करून देतेय, नाव काढून टाकलंय.

"ताई, सलाम. मी ३६ वर्षांची, पिंपरीत राहते, एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे. माहेर नगरचं. संडे स्कूल, पाठांतराच्या स्पर्धा सगळं लहानपणी झालंय, अजूनही बरीच वचनं तोंडपाठ आहेत. दर जानेवारीत वर्षभरात बायबल वाचायचा प्लॅन सुरू करते आणि लेवीयपाशी, म्हणजे तिसऱ्याच पुस्तकापाशी, सुटतो, मग वर्षभर अपराधी वाटत राहतं. फ्रिजवर फिलिप्पैकरांस ४:१३ लावलंय, स्टेटसला रोज वचन असतं. पण सासरे गेल्यावर घराच्या वाटणीवरून मोठ्या जाऊबाईंशी बोलणं बंद झालं ते आजतागायत. चर्च एकच, त्या डावीकडच्या बाकावर, मी उजवीकडे. मध्यंतरी कोर्टात जायचं का हे ठरवायचं होतं तेव्हा मी डोळे मिटून बायबल उघडलं, बोट ठेवलं, यहोशवाच्या पुस्तकातलं लढाईचं वचन आलं, तेव्हापासून जास्तच गोंधळ झालाय. शास्त्राचा अभ्यास नेमका करायचा कसा? आणि तो स्वयंपाकघरात, ऑफिसात, नात्यात आणायचा कसा? मिस्टर वाचत नाहीत. मुलगा ११ वर्षांचा, विचारतो एवढं जुनं पुस्तक का वाचायचं. काय सांगू?"

प्रिय बहिणी, सलाम.

आधी तो वर्षभराचा प्लॅन बाजूला ठेव. प्लॅन वाईट नसतो, ज्यांना जमतो त्यांनी जरूर करावा, पण तू हिशोबातली आहेस तर हिशोब बघ ना, ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-सव्वातीन अध्याय, तेही डबे भरून, मुलाला शाळेत सोडून, कंपनीची बस पकडून. एक दिवस चुकला की उद्या सहा, परवा नऊ, मग ते वाचन राहतच नाही, थकबाकी होते. देव तुझ्याकडे ही थकबाकी मागत नाहीये गं. तुला वेग नकोय, तुला एका जागी बसणं हवंय.

दुसरं, डोळे मिटून बोट ठेवणं पूर्ण बंद कर. हे मी जरा कडक बोलतेय कारण आपल्या मंडळ्यांमध्ये ही सवय खूप आहे, चांगल्या चांगल्या विश्वासू बायका करतात, लग्नं ठरवतात अशी. यहोशवाला देवाने जे सांगितलं ते खरंच आहे, पण ते कनान देश घ्यायला यार्देन नदीच्या काठावर उभ्या असलेल्या यहोशवाला सांगितलंय, त्यात तुझ्या सासऱ्यांच्या घराची वाटणी नाही आणि तुझे मोठे दीर म्हणजे कनानी राजे नाहीत. बोट दोन पानं पुढे पडलं असतं तर तू वेगळा निर्णय घेतला असतास का? मग तो देवाचा आवाज कसा म्हणायचा.

आता मुख्य गोष्ट. तुझ्यासारख्या पाठांतर चांगलं असलेल्यांची अडचण ही असते की त्यांना वचनं सुटी सुटी माहीत असतात. वचन आलं की आकडा आठवतो, आकडा आला की वचन, पण त्याच्या आधी काय आहे नंतर काय आहे ते माहीत नसतं. आणि हे आकडे मूळ लिखाणात नव्हतेच. अध्याय पडले तेराव्या शतकात, आणि आज आपण वापरतो ते नव्या कराराचे वचनांचे नंबर रॉबर्ट एतिएन नावाच्या एका फ्रेंच छापखानेवाल्याने १५५१ मध्ये घातले, शोधायला सोपं जावं म्हणून. फिलिप्पैकरांस लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने पत्र लिहिलं तेव्हा ते पत्रच होतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मंडळीसमोर मोठ्याने वाचायचं पत्र. कुणी तुला चार पानी पत्र पाठवलं तर तू त्यातली एक ओळ कापून फ्रिजवर लावून बाकीचं कपाटात टाकशील का?

म्हणून मी तुला फिलिप्पैकरांस पत्रच देते अभ्यासाला, फ्रिजवर आहेच. चार अध्याय, १०४ वचनं, शांतपणे मोठ्याने वाचलं तर वीस मिनिटं लागतात. पहिला आठवडा रोज फक्त हे पत्र, पूर्ण, एका बैठकीत. वेळ नाहीच मिळाला तर मोबाईलवर मराठी ऑडिओ बायबल आहे, बसमध्ये ऐक. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळा येईल, येऊ दे, त्यानंतरच दिसायला लागतं. एक साधी वही घे आणि लिहायला लाग, कोण लिहितोय, कुठून, कुणाला, का, कुठली गोष्ट सारखी सारखी येतेय, कुठे "म्हणून" आलंय आणि कशामुळे "म्हणून". काही समजलं नाही तर तेही लिही, प्रश्नचिन्ह घालून.

त्याच आठवड्यात प्रेषितांची कृत्ये १६ वाच, कारण फिलिप्पैची मंडळी कशी सुरू झाली ते तिथे आहे. फिलिप्पै मासेदोनियातली रोमी वसाहत, निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली, तिथल्या लोकांना आपण रोमी आहोत याचा मोठा अभिमान. आणि मंडळीत कोण? जांभळ्या वस्त्रांचा धंदा करणारी थुवतीराची लुदिया, जिच्या घरी पौल उतरला. बेड्या तुटल्यावर घाबरून जीव द्यायला निघालेला तुरुंगाचा अधिकारी आणि त्याचं घर. अशी एकमेकांशी काही संबंध नसलेली माणसं एका घरात प्रार्थनेला जमत होती. हे डोक्यात ठेवून ३:२० वाच, आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे असं पौल म्हणतो, रोमी नागरिकत्वावर जीव टाकणाऱ्या गावातल्या लोकांना म्हणतो. एवढं वाक्य लहानपणापासून ऐकलेलं असतं पण गाव माहीत झालं की अंगावर येतं.

मग आपल्या ४:१३ कडे ये. पौल कैदेत आहे. त्या काळी कैद्याला खायला-प्यायला, पांघरायला बहुतेक वेळा बाहेरच्या माणसांनीच आणून द्यावं लागायचं, आणि फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती मदत पाठवली, तो बिचारा त्यात मरणाच्या दारी गेला होता इतका आजारी पडला, दुसऱ्या अध्यायात आहे ते. पत्राच्या शेवटी पौल या मदतीचे आभार मानतोय आणि सांगतोय की मला कमी असतानाही राहता येतं, भरपूर असतानाही राहता येतं, तृप्त असणं आणि भुकेलं असणं दोन्ही मी शिकलोय, आणि त्याला लागून तेरावं वचन येतं, जो मला सामर्थ्य देतो त्याच्या बळावर मी सर्व काही करू शकतो. म्हणजे हे वचन प्रमोशन मिळवण्याचं नाही, परीक्षेत पहिला येण्याचं नाही, केस जिंकण्याचं तर नाहीच नाही. हे मिळालं तरी आणि नाही मिळालं तरी देवात समाधानी राहण्याचं वचन आहे. तुझ्या फ्रिजवरून ते काढू नकोस, फक्त वर ११ आणि १२ पण लिही.

आणि बहिणी, तेराव्या वचनापासून थोडं वर सरकलीस की ४:२ आहे. तुझ्या इतक्या वर्षांच्या पाठांतरात ते बहुतेक नसेल, कारण स्पर्धेत ते वचन कुणी देत नाही. युवदीया आणि सुंतुखे. दोन बायका, त्याच मंडळीतल्या, सुवार्तेच्या कामात पौलाच्या बरोबरीने कष्ट केलेल्या, आणि दोघींचं जमत नव्हतं. कशावरून बिनसलं ते पौल लिहीत नाही. कोण चूक कोण बरोबर तेही लिहीत नाही. युवदीयेला वेगळी विनंती, सुंतुखेला वेगळी विनंती, एका मनाच्या व्हा. आणि हे पत्र मंडळीत मोठ्याने वाचलं जाणार होतं, त्या दोघी तिथे बसलेल्या असताना, कदाचित एक डावीकडे आणि एक उजवीकडे.

मी हे तुला टोमणा म्हणून दाखवत नाहीये. मला हे सांगायचंय की तुझा प्रश्न आधीपासून त्या पत्रात आहे, तू अकरा वचनं खाली थांबली होतीस एवढंच. आता पूर्ण पत्र वाचल्यामुळे अजून एक दिसेल, एक मनाचे व्हा ही विनंती पौलाने दुसऱ्या अध्यायात सगळ्या मंडळीला केलीय, आणि ती करताना ख्रिस्ताचं उदाहरण ठेवलंय, जो देवाच्या रूपात असूनही आपला हक्क धरून बसला नाही, दास झाला, वधस्तंभापर्यंत गेला. एवढा मोठा, इतका सुंदर उतारा, ख्रिस्ताबद्दलच्या शिकवणीसाठी जगभर अभ्यासला जाणारा, आणि तो आला कशासाठी तर माणसांनी एकमेकांपेक्षा स्वतःला मोठं समजू नये म्हणून. शिकवण आणि स्वयंपाकघर पौलाने वेगळं ठेवलेलंच नाही, आपण ठेवतो.

आता आचरणात कसं आणायचं. माझं स्पष्ट मत सांगते, आचरण हा अभ्यासानंतरचा वेगळा चॅप्टर नाही, ते केल्याशिवाय अभ्यास झालाच नाही असं समज. याकोब आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात म्हणतो की नुसतं ऐकणारा माणूस आरशात तोंड बघून निघून जातो आणि आपण कसे दिसतो ते विसरतो. आणि नहेम्या ८ काढून बघ, एज्रा शास्त्री सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतोय, लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, लोकांना अर्थ समजावून देतायत, लोक रडायला लागतात, तर त्यांना सांगितलं जातं रडू नका, खा प्या आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना वाढून पाठवा. दुसऱ्या दिवशी वाचता वाचता मांडवांच्या सणाचं सापडतं, तर ते लोक डोंगरावर जाऊन फांद्या आणतात आणि घराच्या धाब्यावर, अंगणात मांडव घालून त्यात राहायला लागतात. वाचलं, समजलं, केलं. कुणी वर्षभराची योजना आखत बसलं नाही.

तर वहीत दर आठवड्याला एकच ओळ लिही, पण त्यात माणसाचं नाव आणि वार असला पाहिजे. "मी जास्त प्रेमळ होईन" असं लिहू नकोस, ते कुणालाच जमत नाही कारण ते कधी करायचं हेच कळत नाही. "रविवारी उपासनेनंतर मी स्वतः जाऊन जाऊबाईंना सलाम म्हणणार" हे लिही. एवढंच, सलाम. त्यांनी तोंड फिरवलं तरी तुझं झालं, पुढच्या रविवारी परत. आणि ४:३ विसरू नकोस, पौल तिथे एका तिसऱ्या माणसाला, आपल्या सोबत्याला, सांगतोय की या दोघींना मदत कर. म्हणजे हे तुम्ही दोघींनीच मिटवायला पाहिजे असं नाहीये. तुम्हा दोघींना मान्य असलेलं कुणी आहे का, एखादी आत्या, महिला मंडळातल्या वडीलधाऱ्या कुणी, पाळकबाई? त्यांना सांग. त्यात कमीपणा नाही, शास्त्रातच लिहिलंय.

घराच्या वाटणीचं मात्र वेगळं बघ. लूक १२ मध्ये गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो की माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. तुझीच केस. येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं, आणि लगेच लोकांना म्हणतो, लोभापासून सांभाळा. म्हणजे हिस्सा किती याचं उत्तर त्याने दिलं नाही, मन कुठे आहे ते विचारलं. म्हणून हिस्सा किती, कागद काय म्हणतात, हे चांगल्या वकिलाला विचार, त्यासाठी बायबल उघडून बोट ठेवायची गरज नाही. कायद्याने मिळणारं मागणं पाप नाही. पण पहिला करिंथकरांस ६ मिस्टरांसोबत बसून वाच, पौलाला भावाने भावाला कोर्टात खेचण्याचं किती दुःख होतं ते बघ, आणि आधी मंडळीतल्या समजूतदार माणसांसमोर बसून मिटतं का याचा मनापासून प्रयत्न करा. क्षमा करणं म्हणजे सही करून सगळं सोडून देणं असंही नाही आणि हक्क मागणं म्हणजे बोलणं बंद करणं असंही नाही, दोन्ही गोष्टी बाजूबाजूला चालू शकतात, कठीण आहे पण चालतात. (इतर वाचणाऱ्या बहिणींसाठी एक, घरात मारहाण होत असेल तर तिथे "सहन कर, क्षमा कर" ही वचनं कुणी तुमच्या तोंडावर फेकली तरी ऐकू नका, आधी सुरक्षित जागी जा, मदत घ्या.)

ऑफिसचं विचारलंस. त्यासाठी मी तुला परत लेवीयमध्येच पाठवणार आहे, जिथे तू दरवेळी सुटतेस. सगळे २७ अध्याय नको, फक्त १९ वा, ३७ वचनं. आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे वाक्य आपल्याला येशूच्या तोंडून माहीत आहे, ते मुळात इथलं आहे, १९:१८. आणि त्याच्या आजूबाजूला काय आहे बघ, शेताचे कोपरे कापू नको, ते गरिबांना आणि परक्यांना राहू दे. मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत तुझ्याकडे ठेवू नको. बहिऱ्याला शिव्या देऊ नको. वजनं-मापं खरी ठेव. तू अकाउंट्सला आहेस ना, तुझ्या टेबलावर छोट्या छोट्या सप्लायरची बिलं पडून असतील, कुणाचं पेमेंट फक्त कुणी सही घ्यायला उठलं नाही म्हणून अडलंय. त्या माणसाच्या घरी त्या पैशांवर किराणा येतो. आणि घरी भांड्याला येणाऱ्या मावशींचा पगार, एक तारीख म्हणजे एक तारीख. हे शास्त्राचं आचरण आहे, अगदी शब्दशः. यज्ञांचे अध्याय पुढे कधीतरी इब्री लोकांस पत्र सोबत ठेवून वाच, मग ते सुद्धा बोलायला लागतात, आत्ता घाई नको.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या वचनांना एकच नियम लाव, पूर्ण अध्याय वाचल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही. सगळ्यात जास्त फिरणारं यिर्मया २९:११ घे, तुमच्या हिताचे संकल्प, आशा आणि भविष्य. ते बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) कैद करून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रात आहे आणि त्याच्या आधीच्याच वचनात लिहिलंय की ७० वर्षं जातील. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटाल असं गोड बोलून गेला होता, तो खोटा ठरला. यिर्मया म्हणतो घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी परतीचा दिवस बघितला नसणार. हे समजून मग ते वचन एखाद्या आजारी माणसाला पाठव, त्यातला धीर उलट वाढतो, कारण मग तो लांबच्या दुःखाला पुरणारा धीर असतो.

एकटीने सगळं करू नकोस. कृत्ये ८ मध्ये इथिओपियाचा एवढा मोठा अधिकारी रथात बसून यशया वाचतोय, फिलिप्प नावाचा सुवार्तिक विचारतो समजतंय का, तर तो सरळ म्हणतो, कुणी समजावून सांगितल्याशिवाय कसं समजेल. तुझ्या एरियात दोन-तीन जणी मिळाल्या तर आठवड्यातून एकदा तासभर बसा, एक उतारा, चहा, आणि पहिला प्रश्न हा की मागच्या आठवड्यात लिहिलेलं केलं का. भाषण कुणी द्यायचं नाही. अडलेलं पाळकसाहेबांना विचारायचं, आणि त्यांनी सांगितलेलंही घरी येऊन शास्त्रात तपासायचं, बिरुया गावातले लोक पौलाचं सुद्धा तपासून बघत होते आणि कृत्ये लिहिणाऱ्या लूकने त्यांचं कौतुकच केलंय (कृत्ये १७:११).

बायबल कुठलं वापरू असं तू विचारलं नाहीस पण सांगते. घरी बायबल सोसायटीचं असेलच, त्याच्यासोबत अजून एक सोप्या मराठीतलं ठेव आणि अडलेलं वचन दोन्हीकडे बघ. आपल्या इथे केडगावला मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं, खेड्यातल्या साध्या बायकांना समजावं म्हणून, आणि १९२२ मध्ये त्या गेल्या तोपर्यंत त्यात गढलेल्या होत्या, १९२४ मध्ये ते छापून आलं, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यासुद्धा मुक्तीतल्याच बाया होत्या. ज्या बायकांना समाजाने अक्षरही शिकवलं नव्हतं त्यांनी ते पान पान जुळवलंय. मला अभ्यासाला कंटाळा आला की त्यांची आठवण होते.

मिस्टरांचं, त्यांना वाच वाच म्हणू नकोस. रात्री जेवणानंतरची कुटुंब प्रार्थना बंद पडली असेल तर सुरू कर, दहा मिनिटं, एक गीत, दहा-बारा वचनं, आणि वाचायला त्यांना दे. मोठ्याने वाचणाऱ्याच्या कानावर आपोआप पडतं. करिंथकरांसचा तो सहावा अध्याय तुम्हाला एकत्र वाचायचाच आहे, तो तिथे येऊ दे.

आणि मुलाला जुनं पुस्तक का हे तोंडाने पटवत बसू नकोस. कवी ना. वा. टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका परक्या माणसाने नवा करार दिला, ते वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांचं मन निघेना, दोन वर्षांनी त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना कुणी वाद घालून पटवलं नव्हतं, पुस्तकानेच धरलं. तुझ्या मुलाला मार्कचं शुभवर्तमान वाचायला दे, १६ अध्याय, सगळ्यात छोटं, पळत पळत चालणारं. रोज अर्धा अध्याय दोघं मिळून. त्याला विचारू दे, भुतं खरंच डुकरांत गेली का, अंजिराच्या झाडाला शाप का दिला, शिष्य सारखे घाबरतात का. जे तुला येत नाही ते येत नाही म्हण, वहीत लिहा, शोधा. आणि बघ, पाचव्या-सहाव्या अध्यायापर्यंत आलात की तोच तुला विचारेल, आई तू मोठ्या काकूंशी का बोलत नाहीस. त्याला काय सांगायचं ते मी इथून लिहून देऊ शकत नाही, ते तू आणि प्रभू ठरवा. झालं की मला कळव, मी तुम्हा दोघींसाठी प्रार्थना करतेय.